कधीपासूनचा रकाना

गिरगाव, मुंबई
२ नोव्हेंबर १९३४

ती. गं. भा. अंबिकामावशीस,
यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार.

लिफाफा जाड आहे म्हणून घाबरू नकोस. पत्र एकच आहे, बाकीचे चाळीस कागद कोरे आहेत आणि ते तुला भरायचे आहेत.

एम. ए. झाल्यावर मला कॉलेजात संशोधनाची दोन वर्षांची जागा मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. आमच्या प्रोफेसरांनी विषय दिला आहे: माणसाचा स्वभाव आणि त्याचे आरोग्य यांचा संबंध. तापट माणसे जास्त आजारी पडतात काय? शांत माणसे जास्त जगतात काय? आजवर लोक यावर म्हणी सांगत आले, आम्ही मोजणार आहोत. मुंबईतले दोनशे कागद भरून झाले. पण इथे शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नसतो. मला वर्षानुवर्षे एकाच आळीत राहिलेल्या बायका हव्यात. नागावात मुलींच्या शाळेची मास्तरीण म्हणून तुला कुठल्याही घराचे दार उघडे आहे, म्हणून हा त्रास तुला.

प्रत्येक बाईचा एक कागद. त्यावर पाच रकाने: नाव, वय, स्वभाव, आजार, आणि किती दिवस अंथरुणावर. स्वभावाचे वर्ग चारच ठेवले आहेत: तापट, शांत, चिंताळू, आनंदी.

विषय प्रोफेसरांनी दिला हे खरे, पण मी तो हौसेने उचलला त्याला कारण आहे. माझी आई रागाने गेली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, आणि मुरूडच्या घरी आजीच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकले की ते मला परवच्यासारखे पाठ झाले. मला आईची आठवण एकच आहे: गालावर बसलेली चापट आणि तिचे मोठाले डोळे. तिला वेळीच कुणी राग आवरायला शिकवले असते तर ती जगली असती. तू तिची सख्खी धाकटी बहीण, पण तू तिच्याविषयी कधी बोलत नाहीस, म्हणून मीही विचारत नाही.

सौ. काशीचा नमस्कार. बाळी सव्वा वर्षाची झाली, घरभर धावते. सौ. हल्ली जरा चिडचिड करते, पण लेकुरवाळ्या घरात तेवढे चालायचेच.

तुझा,
यज्ञेश्वर


नागाव
१५ नोव्हेंबर १९३४

चि. यज्ञेश्वर यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

चाळीस कागद पोचले. पोस्टमन रावजी लिफाफा हातात तोलून म्हणाला, "मास्तरीणबाय, येवरा जाड! जमिनीचा दावा हाय काय?" म्हटलं, नाही रे बाबा, मुंबईला बायकांचे स्वभाव मोजायला निघालेत. तर म्हणतो, "मंग आमच्या घरासाठी कागद पुरायचा न्हाय."

तुझे चार वर्ग वाचून हसू आलं. आमचे वैद्यबुवा तीनच सांगतात, तुम्ही शिकून एक वाढवलात. असो. कामाला लागले आहे. शाळा सुटल्यावर रोज एका वाडीत जाते. सध्या ओट्याओट्यांवर बायका सुपारी सोलायला बसतात. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं सुटतं, त्यामुळे कागद भराभर भरतात. पण एक अडचण आहे, ती तुझ्या प्रोफेसरांच्या पुस्तकात नसेल. सून समोर बसलेली असते आणि उत्तर सासू देते.

आवडाबाईकडे गेले होते. तिच्या सुनेला विचारलं, बाई, तुझा स्वभाव कसा? आवडाबाई म्हणाली, "तिला काय इचारता? माजी सून गाय हाय, गाय. लिवा, शांत." म्हटलं, आजार? "तिला काय व्हत न्हाय. आजार आमच्यासारख्या म्हातारीला." तेवढ्यात ती गाय पदर तोंडाला लावून अशी खोकली की सुपारीची टोपली हलली. आता मी काय लिहू? तुझ्या कागदावर शांत आणि निरोगी एवढंच लिहायला जागा आहे. जी बोलत नाही तिला आजार नाही, आणि जी बोलते ती तापट! मी खोकला लिहिला आहे. आवडाबाईला वाचता येत नाही हे बरं.

म्हणून मी प्रत्येक कागदाच्या उजव्या कडेला शिसपेन्सिलीने एक सहावा रकाना आखला आहे: कधीपासून? ही माझी मास्तरकीची खोड. शाळेत पोर पोट दुखतं म्हणाली की मी पहिला प्रश्न तोच विचारते. सकाळपासून म्हणाली तर ओवा देते, गणिताच्या तासापासून म्हणाली तर पाढे म्हणून घेते. बायकांना विचारलं तर मजा बघ. मनुबाई साऱ्या आळीत भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. विचारलं, कधीपासून? सुपारी हातात तशीच धरून बसली. मग म्हणाली, "धाकला पोर खाडीत गेला ना, तवापासून." पंचवीस वर्षं लोक तिला शिव्या घालतायत, आणि हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

काशीची चिडचिड कधीपासून? कळव.

तुझी,
मावशी


गिरगाव, मुंबई
२७ नोव्हेंबर १९३४

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र प्रोफेसरांना वाचून दाखवले. आवडाबाईवर ते मनापासून हसले. पण सहावा रकाना नको म्हणाले. स्वभाव म्हणजे माणसाचा मूळ पिंड, तो जन्माचा. त्याला कधीपासून विचारणे म्हणजे नाकाला कधीपासून विचारण्यासारखे आहे. शिवाय कागद ठेवायला सुताराकडून खास पेटी करून घेतली आहे, ती पाच रकान्यांच्या मापाची. तुझे कागद कडेला कापून घ्यावे लागतील. रागावू नकोस.

आणखी एक विनंती. आता हयात नसलेल्या बायकांचेही कागद हवे आहेत, म्हणजे स्वभाव आणि आयुष्य यांची जोडी लावता येईल. त्यात आईचा कागद तू भरावास अशी माझी इच्छा आहे. नाव अनुसूया. तिला माझ्यापेक्षा तू जास्त ओळखत होतीस. मी तिचा मुलगा म्हणून तू काही सौम्य करू नकोस. शास्त्राला नाते नसते.

सौ.विषयी विचारलेस. कधीपासून ते नेमके सांगता येणार नाही. लग्नात वाटली तशी ती नाही, एवढेच आता कळते. बायकोचा खरा स्वभाव संसार पडल्यावरच दिसतो म्हणतात. बाळी रडली की ही तिच्याआधी रडते. चहा देताना हात कापतो आणि कप सांडला की माझ्यावरच ओरडते. या थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघडते, बंद केली की भांडण. जेवते दोघांचे, पण अंगी लागत नाही, कारण रागाने सगळे जळून जाते. बांगड्या इतक्या ढिल्या झाल्या आहेत की धुणे धुताना काढून ठेवते. परवा तिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले आणि मावशी, मी ते ओळखले. आईचेच डोळे. ज्या रागाने माझी आई नेली तो माझ्या घरात पुन्हा शिरला आहे.

प्रोफेसर म्हणतात, अशा स्वभावाला एकांत, मौन आणि हलका आहार हाच उपाय. पाहू.

तुझा,
यज्ञेश्वर


नागाव
२४ डिसेंबर १९३४

चि. यज्ञेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

चाळीस कागद आजच वेगळ्या टपालाने पाठवले. उशीर झाला कारण शेवटचे दोन लिहायला मला तीन आठवडे लागले. बाकीच्या अडतीसांना तीन आठवडे लागले नव्हते.

तुझ्या प्रोफेसरांना नमस्कार सांग आणि सांग की मी सातवी पास बाई आहे, पण सहावा रकाना मी भरला आहे. स्वभाव नाकासारखा असतो म्हणे. असेल. पण नाक सुजतंसुद्धा.

तू ते कागद पेटीत घालण्याआधी माझ्यासाठी एवढं कर. अठ्ठावीस, एकोणचाळीस आणि चाळीस हे तीन कागद शेजारी शेजारी ठेव आणि त्यांचा फक्त सहावा रकाना वाच. अठ्ठावीस आमच्या गोदूबाईचा आहे, ती तीन वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन आली. एकोणचाळीस कुणा शकूचा. चाळीस तुझ्या आईचा. मला जे वाटतं ते तोंडाने सांगायचं मला धाडस होत नाही, म्हणून रकान्यात लिहिलं आहे. मी चुकत असेन तर तू शिकलेला आहेस, तू सांग. मी चुकत असेन तर मला बरंच वाटेल.

आणि काशीला तू अजून विचारलं नाहीस. मी तुला विचारलं तर तू मला तुझं मत लिहिलंस. तिला विचार.

तुझी,
मावशी


गिरगाव, मुंबई
८ जानेवारी १९३५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

कागद मिळाले. तुझे कष्ट मी कसे फेडू! प्रोफेसर म्हणाले, इतके स्वच्छ काम पदवीधरांकडूनही होत नाही.

एक गडबड झाली, ती आधी सांगतो. कागद आधी पोचले आणि पत्र, नाताळच्या टपालात अडकून, चार दिवसांनी. मधल्या रविवारी मी सगळ्या कागदांची उजवी कड कापून टाकली होती. तुझे पत्र वाचून पट्ट्या शोधल्या, तर सौ. म्हणाली, बंब पेटवायला घेतल्या. तरी काळजी करू नकोस, पाच रकाने पुरेसे बोलके आहेत. उलट त्या कापण्यावरून काय झाले ते ऐक. घरात कात्री एकच, तिची कापडाची. मी तिने कागद कापले म्हणून ती केवढी कडाडली! कात्रीसाठी! मी शांतपणे म्हणालो, हे बघ, हाच तो राग. तर उठून मोरीत गेली आणि दार लावून बसली.

आता तुझे तीन कागद. गोदूबाईचे काही विशेष वाटले नाही. पण एकोणचाळीस आणि चाळीस! मावशी, अशी जोडी मला दोनशे चाळीस कागदांत मिळाली नव्हती. शकू: वय बाविशीपर्यंत, स्वभाव आनंदी, आजार नाही, बाळंतपणाखेरीज अंथरूण नाही. अनुसूया: वय चोवीस, स्वभाव तापट, आजार अशक्तपणा व छातीची धडधड, शेवटचे अकरा दिवस अंथरुणावर. एकाच मातीतल्या, एकाच वयाच्या दोन बायका, आणि केवळ स्वभावामुळे एक फुललेली व एक संपलेली. माझ्या प्रबंधाची सुरुवात याच जोडीने करावी असे प्रोफेसरांचेही मत पडले.

ही शकू कोण गं? बाविशीनंतरची माहिती दिसत नाही, गाव सोडून गेली असावी. तू लिहिले आहेस की ती पोहे कांडताना गात असे आणि मूल रडले तर आधी हसत असे, मग उचलत असे. वाचून मला काय वाटले ते तुला म्हणून सांगतो. अशी आई मिळाली असती तर!

सौ.चे ठरवले आहे. संक्रांत झाली की तिला काशीदला माझ्या आत्याकडे पोचवतो. तिथे समुद्राची हवा, माणसांची वर्दळ नाही, मौन पाळायचे, रोज एक वेळ जेवायचे. बाळी इथे शेजारच्या काकूंकडे राहील. दोन महिन्यांत राग उतरेल असे प्रोफेसर म्हणतात. ती नको म्हणते, पण तिचे नको हेही त्या रागाचेच.

तुझा,
यज्ञेश्वर


नागाव
११ जानेवारी १९३५

यज्ञा,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच आणि वाचून होईपर्यंत उभा राहू नकोस, बस.

काशीला काशीदला न्यायचं नाही.

शकू म्हणजे तुझी आई.

आमच्या घरी ती शकूच होती. तेराव्या वर्षी मुरूडला दिली, तिथे ताटातल्या तांदळात अंगठीने अनुसूया लिहिलं आणि त्या दिवसापासून तिला शकू म्हणणारी माणसं बोटीपलीकडे राहिली. तुला ते नाव कुणी सांगितलं नाही यात नवल नाही. मी दोन कागद भरले कारण एका कागदावर ती मावेना. स्वभावाच्या रकान्यात तुम्ही एकच शब्द मागता. एकोणचाळीसच्या कडेला लिहिलं होतं: जन्मापासून, दुसऱ्या बाळंतपणापर्यंत. चाळीसच्या कडेला: दुसऱ्या बाळंतपणापासून, त्याआधीची पाहायची तर कागद एकोणचाळीस. तेवढंच तू कापलंस.

अशी आई मिळाली असती तर, असं लिहिलंस. मिळाली होती रे. पहिली तीन वर्षं तुला ती शकूच मिळाली होती. ते हसून उचललेलं मूल तूच.

मग तुझी बहीण झाली, ती सव्वा महिना जगली. त्यानंतर तीन-चार महिन्यांत शकू पालटली. हात कापायचे. दोघांचं जेवायची आणि वाळत जायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. भर माघात वाडीच्या पाटात, रहाटाच्या गार पाण्यात पाय सोडून बसायची. डोळे मोठे दिसायला लागले. आणि राग! तुझ्या आजीने ठरवलं की हे बाहेरचं आहे. हरिहरेश्वरी नेऊन खडकांतून उतरून समुद्रावरची प्रदक्षिणा घालायला लावली. पायऱ्यांवर तिची छाती धडधडून ती खाली बसली, तर म्हणाल्या, नखरे. तुला चापट मारली त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत पाटात बसून रडत होती. हे मला तिनेच लिहिलं.

आजीला मी दोष देणार नाही, कारण मी काय केलं ते ऐक. मी तेव्हा नुकती विधवा होऊन पुण्याला शिकायला गेले होते. शिकलेली म्हणून मी तिला उपदेशाची पत्रं लिहिली. राग आवर, देवाचं नाव घे, शंभरपर्यंत अंक मोज. तिचं उत्तर आलं: "अंबू, मी रागावत नाही गं. राग माझ्यावर येऊन पडतो." मी त्यावर आणखी एक उपदेश पाठवला. तो पोचला तेव्हा ती नव्हती. वीस वर्षं मी तिच्याविषयी बोलत नाही, ते याच्यासाठी.

आता गोदूबाई. तिच्या कडेला लिहिलं होतं: तापट, चार वर्षांपूर्वीच्या बाळंतपणापासून; आता नाही. तिचंही असंच होतं, हात, बांगड्या, गारवा, डोळे, सगळं. अलिबागच्या डॉक्टरांनी गळा चाचपला आणि म्हणाले, गळ्यात एक ग्रंथी असते, ती भडकली आहे. मुंबईला ऑपरेशन झालं. आज गळ्यावर बारीक वण आहे आणि बाई सुपारी सोलताना ओव्या म्हणते. तिने हे मला सांगितलं तेव्हा मला शकूच्या बांगड्या आठवल्या. त्यानंतर आठ दिवसांनी तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं, काशीचा हात कापतो म्हणून.

रागाने माणूस झिजत नाही असं मी म्हणत नाही. झिजतही असेल, तुम्ही मोजा. पण राग आधी आला की आजार, हे न विचारता मोजाल तर आजाऱ्यालाच गुन्हेगार ठरवाल.

काशीला एक वेळ जेवायला घालून समुद्रावर बसवशील तर तुला तुझ्या आईसारखाच एक कागद भरावा लागेल. आज तिला विचार, उद्या डॉक्टरकडे ने, आणि मला तार कर. बुधवारपर्यंत तार आली नाही तर मी मांडव्याहून बोट धरून तुझ्या दारात उभी राहीन, आणि मग खरा तापट स्वभाव काय असतो ते तुझ्या प्रोफेसरांनाही दाखवीन.

मावशी


गिरगाव, मुंबई
२७ जानेवारी १९३५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तार मिळाली असेलच. तारेत लिहिता आले नाही ते आज लिहितो.

तुझे पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. मी विचारले, तुला हे असे कधीपासून होते? वाटले होते, ओरडेल. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "नागपंचमीपासून. त्या दिवशी झोक्यावरून उतरले तेव्हा छातीत धडधडायला लागलं, ते अजून थांबलं नाही." मग माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मावशी, तिथे लिंबाएवढा उंचवटा होता आणि तो थरथरत होता. सहा महिने मी त्या गळ्यातून निघालेला प्रत्येक शब्द नोंदवत होतो, आणि गळा पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी नाडी मोजली, एकशे बत्तीस. माझ्याकडे वळून म्हणाले, ही बाई गेले सहा महिने जिना चढून घर चालवते आहे, तुम्ही इतके दिवस काय करत होता? मी स्वभाव आणि आरोग्य यांचा अभ्यास करत होतो, हे मला सांगवले नाही. तीन आठवडे थेंबांचे औषध, भरपूर खाणे आणि विश्रांती, मग ऑपरेशन. काशीदच्या उपासाचा बेत मी सांगितला, तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरच्या 'भरपूर खाणे'खाली दोन रेघा ओढल्या. ऑपरेशनमध्ये धोका आहे. शंभरात काही जणी टेबलावरच जातात. किती तो आकडा त्यांनी सांगितला, मी आयुष्यभर आकडे मागणारा माणूस, पण तो ऐकायला नको होता.

प्रोफेसरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, तुझी मावशी म्हणते ते खरे असेल तर दोनशे चाळीस कागद पुन्हा भरावे लागतील, वर्ष जाईल. मी म्हटले, जाऊ दे.

एकोणचाळीस आणि चाळीस हे कागद मी टाचणीने एकत्र टाचले आहेत. वर नाव शकू लिहिले. मला ती चापट पुन्हा आठवते, पण आता तिच्यापुढे पाटाचे पाणी दिसते. मी तिला पाच वर्षांच्या मुलाच्या रागाने इतकी वर्षे पाहत आलो. मला खूप रडू आले, आणि सौ.ने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात कापत होता.

ऑपरेशन अठरा फेब्रुवारीला. मला भीती वाटते. ये.

यज्ञेश्वर


नागाव
३१ जानेवारी १९३५

चि. यज्ञा,

पंधरवड्याची रजा मंजूर झाली. शाळा बाळाजी मास्तर सांभाळतील, मुली त्यांना सांभाळतील. सोळाच्या बोटीने येते. सोबत गोदूबाई येते आहे. म्हणते, "तिला माजा गला दाकवते. बगलं का भ्या जाईल." औषधापेक्षा हे बरं.

काशीला सांग, ऑपरेशन होईपर्यंत तिने मनसोक्त ओरडावं. एकही शब्द लिहून ठेवायचा नाही.

मावशी


गिरगाव, मुंबई
५ मे १९३५

तीर्थस्वरूप मावशींना,
सौ. काशीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून पत्र लिहीन लिहीन म्हणत होते. आता हात कापत नाही, तेव्हा अक्षर वाचता येईल. वजन अकरा पौंड वाढलं. बांगड्या घट्ट झाल्या, धुणं धुताना काढाव्या लागत नाहीत. गळ्यावरचा वण बाळीला आवडतो, त्याच्यावरून बोट फिरवत झोपते. डॉक्टर म्हणाले, आता यायचं कारण नाही.

तुमच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही इथे होतात तेव्हा धीर झाला नाही. त्या पट्ट्या मी बंबात घातल्या नव्हत्या. घालायलाच घेतल्या होत्या. पण पहिल्याच पट्टीवर लिहिलं होतं, "धाकटा मुलगा खाडीत गेला तेव्हापासून". ती जाळवेना. मग दुसरी वाचली, मग सगळ्या. नावं नव्हती, नुसते आकडे होते. शिवणाच्या डब्यात ठेवल्या आणि दुपारी बाळी निजली की वाचायची. एवढ्या बायका, आणि प्रत्येकीला कुणीतरी विचारलं होतं. मला वाटायचं, नागावात राहायला असते तर मलाही विचारलं असतं.

अठ्ठाविसावी वाचून मी स्वतःच्या गळ्याला हात लावला होता. एकोणचाळीस आणि चाळीस एकच बाई आहे हेही मला कळलं, आणि ती कोण तेसुद्धा, कारण इकडून कागद मोठ्याने वाचणं व्हायचं. पण सांगितलं नाही. मावशी, मी काहीही सांगितलं असतं तरी ते रागातच धरलं गेलं असतं. रागीट बाई खरं बोलली तरी ते रागाने बोलली एवढंच उरतं. म्हणून पट्ट्या जाळल्या म्हणून सांगितलं आणि वाट पाहत राहिले. तुमचं पत्र आलं नसतं तर काशीदला गेले असते. जाताना डबा घेऊन जायचं ठरवलं होतं.

परवा सगळ्या पट्ट्या काढून दिल्या. इकडून सगळ्या वाचून काढणं झालं. मग दोन दिवस बसून खळ लावून एकेक पट्टी तिच्या तिच्या कागदाला चिकटवली, आकडे होते म्हणून जमलं. नवे कागद छापून आलेत, सहा रकान्यांचे. सुतार रुंद पेटी करतो आहे.

आणि काल मी रागावले. चांगली रागावले. इतक्या दिवसांनी माझा आवाज चढलेला ऐकून यांचा चेहरा उतरला. धावत येऊन आधी माझी नाडी धरली. घड्याळ लावून मोजली. ऐंशी. पुन्हा मोजली. ऐंशीच. मग जरा घाबरतच विचारलं, "मग हा राग कधीपासूनचा?"

मी म्हटलं, "चिकटवायच्या आधी पट्ट्या सारख्या करायला माझी कापडाची कात्री तुम्ही पुन्हा कागदाला लावलीत, तेव्हापासूनचा."

हे तसेच कात्री घेऊन धारवाल्याकडे जाऊन आले. तिनेच आज बाळीचं परकर-पोलकं बेतलं आहे. सुट्टीत नागावला येऊ तेव्हा तिला तेच घालून आणते.

तुमची,
काशी